गिधाडांचा ताळा

बँकेत असताना कर्जावर घेतलेल्या गाई पाहायला मी कामठ्याच्या शिवारात अनेकदा फिरलो. गाव संपलं, की मेलेली गुरं टाकायची जागा असे आणि तिच्यावर गिधाडं घिरट्या घालीत. ढोर पडल्याची खबर माणसांच्या आधी तीच देत. पुढे आभाळ रिकामं झालं आणि आपल्याला ते कळलंही नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभापासून २००७ पर्यंत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. कुणी रोगावर संशय घेतला, कुणी कीटकनाशकांवर. मेलेला पक्षी फाडला, की आतली इंद्रियं खडू फासल्यासारखी दिसत. ते युरिक आम्लाचे थर. मूत्रपिंडं निकामी झाली हे उघड होतं. कशानं, हे नव्हतं.

खातेवहीतला आकडा आणि तिजोरीतली रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. विषाची परीक्षाही अशीच असते. रक्तातलं युरिक आम्ल नुसत्या भरपेट खाण्यानंही वाढतं. उलट मूत्रपिंडाचा काप फक्त शेवट दाखवतो, कारण सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी हाच ताळा जमवला. असे थर साचलेल्या २५ च्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडलं. थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. गुरांच्या दुखण्यावर तेव्हा टोचत तेच हे औषध! पाळलेल्या गिधाडांना ते दिल्यावर रक्तातलं युरिक आम्ल चढलं, पक्षी मेले आणि आत तेच पांढरे थर निघाले. २००४ साली हे प्रसिद्ध झालं.

२००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना देऊन पाहिलं. युरिक आम्ल वाढलं नाही, पक्षी जगले. म्हणजे गाईचं दुखणं थांबवायला पर्याय आहे. अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरची बंदी मात्र २०२३ साली आली.

तेव्हा गोठ्यात डॉक्टर आले, की इंजेक्शनचं नाव जरूर विचारा. हिशेबातली चूक सापडली म्हणून तूट लगेच भरून निघत नाही, हे मी नोकरीत शिकलो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते.