गोटीचा पहारा

फट्ट!

मुरुडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीतल्या गाडीवरून हा आवाज आला आणि माझी भाची दचकून दोन पावलं मागे सरली. सकाळभर आम्ही जंजिऱ्यात भटकलो होतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो, कलाल बांगडी तोफेवर हात फिरवला, चहूबाजूंनी खारा समुद्र असताना किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे दोन तलाव कसे, याचं नवल केलं. परत येईपर्यंत घशाला कोरड पडली होती. सोडावाल्या काकांनी बाटलीच्या तोंडावर लाकडी टोपी ठेवली, वरून तळहाताचा दणका दिला, आणि सोडा फसफसत वर आला.

भाचीने बाटली हातात घेतली, पण प्यायली नाही. डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली.

"मावशी, गोटी आत कशी गेली? बाटलीचं तोंड तर तिच्याहून लहान आहे!"

मग थोडं थांबून म्हणाली, "अमेरिकेतल्या दादाने कोका-कोलाच्या संग्रहालयाचे फोटो पाठवले होते ना, तसं आपल्याकडे का नाही गं?"

तिचा आतेभाऊ अटलांटा शहरातलं ते संग्रहालय पाहून आला होता. दोस्तांनो, ते आहेच मोठं गमतीचं. जॉन पेंबर्टन नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने तयार केलेलं हे पेय त्याच शहरात ८ मे १८८६ रोजी पहिल्यांदा विकलं गेलं. एका पेल्याला पाच सेंट. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊच पेले खपायचे! आज तिथे जगभरातली पेयं चाखायला एक दालन आहे. त्यातलं इटलीचं 'बेव्हर्ली' इतकं कडू होतं, की पहिल्या घोटालाच तोंडं वाकडी व्हायची. आणि सगळ्यात जास्त गर्दी होते ती एका तिजोरीपुढे. कोका-कोलाची गुप्त कृती २०११ पासून त्या तिजोरीत ठेवली आहे. बघायची ती तिजोरीच. आतला कागद कुणालाही दिसत नाही.

मी भाचीला म्हटलं, "तुझ्या हातात आहे ना, तेही एक संग्रहालयच आहे. फक्त याची तिजोरी काचेची आहे. सगळं गुपित आरपार दिसतं. चल, बघू."

दार कोण धरून ठेवतं?

आधी गोटीचं कोडं सोडवू. कारखान्यात बाटली घडते तेव्हा तिचं तोंड रुंदच असतं. त्यातून गोटी आत सोडतात, मग काच तापवून तोंड आवळतात. गोटी कायमची आत! तोंडाच्या आतल्या बाजूला एक खाच असते, तिच्यात रबराचं वायसर बसवतात.

आता सोडा भरायचा. बाटलीत पाणी आणि स्वाद घालून ती यंत्रात अडकवतात आणि जोराच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडतात. मग बाटली उलटी करतात. गोटी घरंगळून तोंडाशी येते, रबरावर टेकते. बाटली पुन्हा सरळ केली तरी गोटी खाली पडत नाही. का? कारण आत कोंडलेला वायू बाहेर पडायला धडपडत असतो. तो सगळीकडे ढकलत सुटतो, तसा गोटीलाही खालून वर ढकलतो. जितका जोराने ढकलेल, तितकी गोटी रबरावर घट्ट बसते. म्हणजे पळायचं आहे वायूला, आणि दार लावून धरलंय त्यानेच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि चोराने स्वतःलाच आत कोंडून घेतलं, असा हा प्रकार.

काकांनी दणका दिला तेव्हा गोटी क्षणभर खाली दबली, फट पडली, वायू सुटला. आतला जोर ओसरल्यावर गोटीला वर धरणारं कुणी उरलंच नाही. ती टुणकन खाली आली आणि मानेतल्या चिमट्यावर जाऊन बसली. हा चिमटा नसता तर ती थेट तळाला गेली असती.

एवढ्यात भाचीने बाटली तोंडाला लावली आणि गोटी घरंगळून पुन्हा तोंडाशी! सोडा येईना. काका हसले. "फिरव जरा, बाळा. ते दोन खळगे आहेत ना, ते खालच्या अंगाला घे." तिने बाटली फिरवली. गोटी त्या दोन खळग्यांवर अडली आणि सोडा वाहू लागला. मानेवरचे ते खळगे नक्षीसाठी नाहीत, दोस्तांनो. गोटीने वाट अडवू नये म्हणून ते मुद्दाम केलेले आहेत.

ही बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड नावाच्या इंजिनिअरने १८७२ मध्ये तयार केली. त्याआधी सोड्याच्या बाटल्यांना बूच असायचं. बूच वाळलं की आक्रसायचं आणि वायू पसार व्हायचा. म्हणून काही बाटल्या चक्क अंड्यासारख्या गोल बुडाच्या करत. त्या उभ्या राहूच शकत नाहीत! आडव्या ठेवाव्या लागायच्या, म्हणजे बूच ओलं राहायचं. कॉडने बूचच काढून टाकलं. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचा दातेरी बिल्ला आणला आणि बहुतेक देशांतून गोटी हद्दपार झाली. ती टिकली जपानमध्ये, 'रामुने' नावाच्या पेयात, आणि आपल्याकडे. बिल्ला मिळाला तर त्याचे दाते मोजा. पेंटरच्या बिल्ल्याला २४ होते. आजच्या बिल्ल्याला बहुधा २१ भरतील.

पाण्यात वायू विरघळतो?

साखर विरघळते, मीठ विरघळतं, तसा वायूही विरघळतो. असं वायू विरघळलेलं पाणी पहिल्यांदा कुणी बनवलं, त्याची गोष्ट छान आहे. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली राहायचे. त्यांच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. तिथल्या आंबणाऱ्या पिंपांवर एका वायूचा थर साचून राहतो, हे त्यांनी पाहिलं. त्या थरात त्यांनी पाण्याचं भांडं टांगलं. थोड्या वेळाने ते पाणी चाखलं तर झणझणीत आणि चवदार! मग खडू आणि आम्ल एकत्र करून तोच वायू घरच्या घरी कसा काढायचा, याची कृती त्यांनी १७७२ मध्ये पुस्तिका छापून सगळ्यांना सांगून टाकली. तिजोरी नाही, कुलूप नाही!

त्यांना वाटलं होतं, या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही हा रोग बरा होईल. तो काही बरा झाला नाही. कारण स्कर्व्ही होतो 'क' जीवनसत्त्व न मिळाल्याने, आणि ते असतं लिंबात. म्हणजे काकांसारखं त्यात लिंबू पिळलं असतं, तर काम फत्ते झालं असतं!

सोडा लवकरच धंद्याचा माल झाला. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या याकोप श्वेप या घड्याळजीने तो विकायला काढला. आपल्याकडे मुंबईत १८६५ मध्ये पालनजी, पुण्यात १८८४ मध्ये अर्देशीर, पुन्हा मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स, असे पारशी मंडळींचे सोड्याचे कारखाने सुरू झाले. रास्पबेरी सोड्याची लाल बाटली त्यांचीच. घरात आजी-आजोबा असतील तर विचारून बघा, कसे खुलतील ते!

पण पाण्यात वायू मावतो तरी किती? दाब दुप्पट केला की पाण्यात मावणारा वायूही दुप्पट होतो, हा नियम १८०३ मध्ये विल्यम हेन्री यांनी मांडला. आणि पाणी गार असेल तर वायू जास्त मावतो. साध्या हवेच्या दाबाला, बर्फाइतक्या गार एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. तेच पाणी २५ अंशांवर नेलं तर सुमारे दीडच ग्रॅम. म्हणून तर काका बाटल्या बर्फात पुरून ठेवतात. उन्हात तापलेली बाटली उघडली की सोडा कारंज्यासारखा अंगावर येतो, कारण गरम पाण्याला तो वायू धरवत नाही.

जिभेला चावतं कोण?

भाची म्हणाली, "बुडबुडे फुटतात ना, म्हणून जीभ चुरचुरते."

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण शास्त्रज्ञांनी माणसांना जास्त दाबाच्या खोलीत बसवून सोडा पाजला. तिथे बुडबुडे तयारच होत नाहीत. तरी जीभ चुरचुरलीच! मग चावणारा कोण? आपल्या जिभेवर कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एक विकर असतं. ते विरघळलेल्या वायूचं झटकन आम्ल बनवतं. त्या आम्लाची जी टोचणी, तीच सोड्याची चव.

याची एक गंमत गिर्यारोहकांना कळली. उंच पहाडावर त्रास होऊ नये म्हणून ते एक औषध घेतात. ते औषध नेमकं याच विकराचं काम थांबवतं. मग ताजा, फसफसणारा सोडासुद्धा त्यांना मिळमिळीत लागतो. बुडबुडे दिसतात, पण जीभ चुरचुरत नाही.

समुद्रही सोडा पितो

आम्ही बाटल्या काकांच्या क्रेटमध्ये ठेवल्या. भाचीने गोटीकडे एकदा आशेने पाहिलं. पण गोटी काढायची तर बाटली फोडावी लागणार, मग काकांनी उद्या सोडा कशात भरायचा? अशा कितीतरी बाटल्या मुलांनी गोट्यांपायी फोडल्या आहेत. तिने बाटली अलगद क्रेटमध्ये ठेवली आणि आम्ही पुळणीवर उतरलो. दूर पाण्यात पद्मदुर्ग किल्ला दिसत होता. ओहोटी लागली होती, ओल्या वाळूत शिंपले चमकत होते. ती वेचू लागली.

समोरचा हा समुद्रसुद्धा बाटलीतल्या पाण्यासारखाच हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो. गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं यांतून आपण जेवढा हा वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा जगातले समुद्र पिऊन टाकतात. केवढा उपकार आहे हा! पण समुद्रातही त्याचं आम्लच होतं. समुद्राचं पाणी अजून आम्ल झालेलं नाही, पण त्या बाजूला थोडं सरकलं आहे. तिसऱ्या, कालवं, प्रवाळ यांना आपली कवचं बांधणं त्याने अवघड होत जातं. बाटलीतला वायू आपण ढेकर देऊन मोकळा करतो. समुद्राला तसं चटकन मोकळं होता येत नाही. म्हणून हवेत धूर कमी सोडणं मुरुडच्या कालवांच्याही भल्याचं आहे, हे लक्षात असू द्या.

करून पाहा

घरी आल्यावर भाचीने एक रिकामा शिंपला धुऊन काचेच्या पेल्यात ठेवला आणि तो बुडेल इतका लिंबाचा रस पिळला. तुम्हीही करून पाहा. लिंबू नसेल तर व्हिनेगर चालेल. फक्त शिंपला रिकामा हवा, आत जीव असलेला नको.

पहिलं मिनिट काहीच दिसेना. मग शिंपल्याच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग सगळ्या रेषांवर मोत्यांसारखी रांग लागली आणि एकेक सुटून वर येऊ लागला.

"मावशी, हा कोणता वायू?"

"आठव. प्रीस्टलींनी वायू कशातून काढला होता?"

"खडू आणि आम्ल."

त्यांचा खडू म्हणजे खडकातून निघणारा, कॅल्शियम कार्बोनेटचा. तसा खडक समुद्रातल्या इवल्याशा जिवांची कवचं साचूनच होतो. आणि शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटचाच! लिंबातलं आम्ल त्याच्यावर पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आमच्या पेल्यात तोच वायू वर येत होता, जो दुपारी गोटीला ढकलत होता.

भाची बराच वेळ पेल्याशी नाक लावून बसली. मग उठली, फोन घेतला आणि अटलांटाच्या दादाला एक फोटो पाठवला. फोटोत तिजोरी नव्हती. मुरुडचा एक शिंपला, अर्धं लिंबू आणि काचेच्या पेल्यात वर निघालेली बुडबुड्यांची रांग होती. खाली तिने पूर्ण कृती लिहिली होती, एकही ओळ न लपवता.