गोठलेला हायड्रोजन अवरक्त प्रकाशात दिसतो

‘हायड्रोजनचा रेणू अवरक्त प्रकाश शोषत नाही’ असं परीक्षेत लिहिलं की पूर्ण गुण मिळतात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असो की मुंबई-पुण्यात. पण ते खरं आहे एकट्या रेणूपुरतं. दोन सारखे अणू कितीही कंप पावले तरी रेणूतला विद्युतभाराचा तोल ढळत नाही, म्हणून प्रकाशाची त्याच्यावर पकड बसत नाही.

उणे 259 अंश सेल्सिअसला हायड्रोजन गोठतो आणि रेणू एकमेकांना खेटून बसतात. प्रत्येकाचं विद्युतक्षेत्र शेजाऱ्याच्या इलेक्ट्रॉनांना किंचित ओढतं, तोल ढळतो आणि 2.4 मायक्रॉनच्या आसपास शोषणाच्या रेषा उमटतात. कधी तर एकाच फोटॉनची ऊर्जा दोन रेणू वाटून घेतात: एक कंप पावू लागतो, दुसरा फिरू लागतो! या विषयातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

गोठलेला हायड्रोजन धातूसारखा असेल, हाही जुना समज. 1899 मध्ये जेम्स ड्युअरने तो गोठवला तेव्हा हाती आलं ते पारदर्शक बर्फ. धातू व्हायला वातावरणाच्या चाळीस लाख पटींहून जास्त दाब लागतो.

‘इतक्या थंडीत सगळी हालचाल थांबते’ हे तर अजिबात खरं नाही. साध्या तापमानाला हायड्रोजनमध्ये तीन भाग ऑर्थो रेणू (दोन्ही अणुकेंद्रांचे स्पिन एकाच दिशेचे) आणि एक भाग पॅरा (स्पिन विरुद्ध दिशांचे) असतात. पॅरा स्फटिकात अडकलेला ऑर्थो रेणू शून्य केल्विनजवळही फिरतच राहतो. उत्प्रेरक नसेल तर त्याचा पॅरा व्हायला कित्येक दिवस जातात. या बदलात बाहेर पडणारी उष्णता एवढी असते, की नुसता साठवलेला द्रव हायड्रोजनही उकळून उडून जातो. किती ऑर्थो उरलेत हे अवरक्त वर्णपट सांगतो: शुद्ध पॅरा स्फटिकात निव्वळ कंपनाची 4153 प्रति सेंटीमीटर तरंगसंख्येजवळची रेषा दिसत नाही, थोडे ऑर्थो मिसळले की ती उगवते.

अवकाशातले काळे ढग 10 केल्विनचे, हायड्रोजन गोठतो 14 केल्विनला. मग तिथे तो गोठलेलाच असणार? खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी 1968 मध्ये सहकाऱ्यांसह आंतरतारकीय घन हायड्रोजनची कल्पना मांडली होती. अडचण दाबाची आहे. जवळजवळ निर्वातात हे बर्फ टिकत नाही, त्याची थेट वाफ होते. मात्र पाण्याच्या बर्फात अडकलेला हायड्रोजन तग धरू शकतो. 1993 मध्ये सँडफर्ड, अलामंडोला आणि गेबल यांनी भुजंगधारी तारकासमूहातल्या ढगाच्या वर्णपटात त्याची 2.417 मायक्रॉनची रेषा सापडल्याचं नोंदवलं.