भरवशाच्या फटफटीला टोणगा

दसऱ्याच्या सकाळी आमच्या गल्लीत एकही वाहन पारोसे राहत नाही. बादल्या भरभरून मोटारसायकली धुतल्या जातात, हँडलला झेंडूची माळ चढते, मडगार्डवर हळदकुंकवाची बोटे उमटतात. यंदा हा सोहळा ऐन रंगात असताना शेजारच्या काकूंचा मुलगा माझ्याजवळ आला. पहिली नोकरी लागलेली, पहिली मोटारसायकल घ्यायची. म्हणाला, "काका, भरवशाची गाडी कोणती हो?"

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे विचारणे म्हणजे सोनाराला शब्दाची व्युत्पत्ती विचारण्यासारखेच! पण गेली वीस वर्षे घर ते कॉलेज हा प्रवास मी मोटारसायकलवरच केला आहे, आणि 'भरवसा' या शब्दाचा अर्थ शब्दकोशापेक्षा तिनेच मला अधिक चांगला शिकविला आहे. तेव्हा उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मलाही आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीला फटफटी म्हणजे बुलेट, राजदूत किंवा जावा-येझदी. गाड्या दणकट खऱ्या, पण त्यांची मर्जी सांभाळावी लागे. बुलेट उभी राही तिथे फरशीवर तेलाचे ठिपके पडत. राजदूत आणि जावा यांची इंजिने टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच तेल मिसळून जाळणारी. ते तेल पुरते जळत नसे, मग त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये साठे. किक मारमारून घामाघूम झालेला आणि शेवटी प्लग काढून पॉलिश पेपरने घासत बसलेला गृहस्थ हे तेव्हाचे नेहमीचे दृश्य होते.

१९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. यामाहाची आरएक्स १०० तरुणांच्या गळ्यातला ताईत झाली, पण तीही टू-स्ट्रोकच. त्याच साली आलेली हीरो होंडाची सीडी १०० मात्र फोर-स्ट्रोक होती. यात तेल पेट्रोलात मिसळायचे नाही. ते इंजिनाच्या तळाशी वेगळे राहते आणि आतल्या भागांना सतत वंगण पुरवीत फिरते. होंडाला ही विद्या नवी नव्हती. १९५८ साली तिने जपानमध्ये पन्नास सीसीची 'सुपर कब' काढली होती. त्या मालिकेच्या गाड्यांची संख्या २०१७ साली दहा कोटींवर पोचली!

अशी छोटी गाडी भरवशाची का ठरते? कारणे साधी आहेत. तिचे इंजिन नुसत्या वाऱ्यानेच थंड होते. पाण्याचा पंप नाही, नळ्या नाहीत, आणि जे मुळात नाहीच ते बिघडणार कसे? चेन पत्र्याच्या कव्हरात बंद, त्यामुळे धूळचिखल तिच्यापर्यंत फारसा पोचत नाही. ताकद जेमतेम आठ हॉर्सपॉवरच्या घरातली, आणि मालकही बहुधा चाळीस-पन्नासच्या वर पळवीत नाही. शिवाय तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि तिथला मेकॅनिक ते डोळे मिटून बसवतो.

दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या मधल्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. त्या आता पूर्वीइतक्या रुसत नाहीत. बुलेटचे जुने बिडाचे इंजिन २०१० च्या सुमारास गेले आणि फरशीवरचे ठिपकेही बहुतांशी थांबले. २००१ साली आलेली आमच्या पुण्याच्या बजाजची पल्सर तर घरोघरी रुळली. पण वाढत्या ताकदीबरोबर सेवाही वाढते. यांतल्या पुष्कळ गाड्यांची चेन उघडी असते. ती पाचएकशे किलोमीटरला पुसून तेल द्यावी लागते. काहींची इंजिने पाण्याने थंड होतात, तेव्हा कूलंटकडेही लक्ष हवे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. थंडीत चोक ओढण्याची कटकट मिटली, पण बॅटरी अगदीच बसली तर नुसत्या किकवर भागेलच असे नाही.

आता माझ्या मूर्खपणाची हकीकत सांगतो. सीडी १०० ची एक जाहिरात फार गाजली होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असे ती सांगे. जाहिरात बिचारी पेट्रोलापुरतेच बोलत होती. आपण मात्र सगळेच विसरलो!

आमचे अण्णा सासवडला शिक्षक होते. त्यांनी १९९१ साली शंभर सीसीची एक मोटारसायकल घेतली. एका छोट्या वहीत ते ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर टिपून ठेवीत. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा त्यांनी गाडी आणि वही दोन्ही माझ्या हवाली केली. गाडी मी रोज वापरली. वही कपाटात ठेवली. गाडी कधी अडली नाही, म्हणून मी कधी तिच्याकडे पाहिले नाही.

२००९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन आला : अण्णांच्या छातीत दुखते आहे, दवाखान्यात नेले आहे. मी तसाच निघालो. दिवे घाटात निम्म्यावर इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. गाडीचा जीव जाऊ लागला आणि एका वळणावर ती थांबली ती थांबलीच. भर पावसात मी दीड तास उभा होतो. त्या दीड तासात मनात काय काय येऊन गेले ते लिहवत नाही. अखेर एका टेम्पोवाल्याने मला वर घेतले.

अण्णा शुद्धीवर होते. भिजलेल्या माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "गाडी कुठंय?" मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "ऑइल कधी बदललं होतंस?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तळाचा नट काढला. जिथे लिटरभर तेल हवे, तिथून कपभर काळे पाणी निघाले. बोअर-पिस्टन नवे घालावे लागले. अण्णा त्या दुखण्यातून उठले, पुढे चार वर्षे सोबत राहिले. नाही तर तो दीड तास मला जन्मभर पुरला असता.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असे आपण म्हणतो आणि दोष म्हशीला देतो. वाचकहो, जे कुरकुरत नाही त्याची विचारपूस करायची असते, हे आपण विसरतो. आणि हे काही गाड्यांपुरतेच खरे नाही.

शेजारच्या मुलाला मी म्हणालो, "रोज शहरातच फिरायचं असेल तर शंभर-सव्वाशे सीसी पुरे. दोघांनी नेहमी लांब जायचं असेल, घाट चढायचे असतील, तर दीडशेच्या पुढची बघ. मात्र नावाला भुलण्याआधी तिचे भाग घराजवळ मिळतात का ते विचार. आणि ऑइल, चेनचा ताण, टायरची हवा यांच्यासाठी महिन्यातून दहा मिनिटं काढणार असशील, तरच 'भरवशाची' म्हण."

"काका, तुमच्या गाडीचं ऑइल बघितलंत का?" त्याने हसत विचारले.

मी माळ खाली ठेवली, ऑइलची काडी काढली, फडक्याने पुसली आणि पुन्हा घालून पाहिली. तेल दोन खुणांच्या मधोमध होते. वहीत तारीख लिहिली, आणि मग पूजा केली.