कोल्हापूरचं एटीएम, हाँगकाँगचं खातं आणि तुमचं करंट अकाउंट

२००९ मध्ये 'द इंटरनॅशनल' नावाचा इंग्रजी सिनेमा आला होता. इंटरपोलचा एक अधिकारी शस्त्रांच्या सौद्यात गुंतलेल्या बड्या बँकेच्या मागे लागतो. ती बँक सुचली बीसीसीआय या खऱ्या बँकेवरून, जी १९९१ मध्ये बंद पाडली गेली. बघताना वाटतं, हे तिकडे बर्लिन-इस्तंबूलला. कराड-तासगावात धंदा करणाऱ्याचा काय संबंध?

संबंध आहे. आणि फार लांब जायला नको.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डं एकाच दिवशी २८ देशांतल्या एटीएममध्ये चालली. परदेशात सुमारे ७८ कोटी गेले, भारतात अडीच कोटी. भारतातल्या एटीएममध्ये आपलं कोल्हापूरही होतं. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या बँकेत एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४.४२ कोटी!

हे जमलं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, पैसे देऊ का? मध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी तिथे बनावट स्विच बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचायचाच नाही, मधूनच 'दे' असं उत्तर. म्हणजे दुकानातला पोऱ्या उधारीचं विचारायला मालकाकडे निघालाय आणि दारातच तिसरा कोणीतरी म्हणतोय, देऊन टाक.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. पण पकडलं कोण गेलं? एटीएमसमोर उभी असलेली पोरं. बीबीसीच्या बातमीनुसार त्यातल्या काहींना सिनेमात छोटं काम आहे, असं सांगितलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा केली. सूत्रधार त्यात नव्हते.

आता तुमच्याकडे या. असल्या टोळ्यांना कार्ड धरायला माणूस लागतो, तसंच पैसा फिरवायला खातं लागतं. करंट अकाउंट असेल तर उत्तमच, कारण मोठी रक्कम आली तरी ती धंद्याची वाटते. म्हणून नवीन उद्योजकाला गाठतात. "दादा, खातं नुसतं पडून आहे ना? सिम आणि पासवर्ड द्या, कमिशन घ्या." माझ्या मते हा माणूस खंडणीवाल्यापेक्षा वाईट. खंडणीवाला निदान तुमच्या नावावर गुन्हा चढवत नाही. तक्रार झाली की खातं गोठतं, कच्च्या मालाचे चेक परत येतात, आणि पोलीस खात्यावर नाव ज्याचं आहे त्याच्याच दारात येतात.

अनोळखी रक्कम जमा झाली आणि "चुकून आली, या नंबरवर परत टाका" असा फोन आला, तर हात लावू नका. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या. पासवर्ड आधीच दिला असेल तर तो बदला, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा.