लेकीच्या मनातली धास्ती घालवायची कशी?

पहिलटकरीण लेक सातव्या महिन्यात माहेरी आली, की घर भरून जातं. शेजारणी येतात, ओटी भरतात. गप्पा रंगल्या, की कुणाला तरी जाऊ आठवते, कुणाला भाची. 'तीन दिवस कळा देत होती बिचारी', 'रस्त्यातच झाली', 'रक्त काही थांबेना'. सांगणारी चहा पिऊन निघून जाते. ऐकणारी पोर मात्र रात्रभर आढ्याकडे बघत पडते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशा वेळी आपण काय म्हणतो? 'घाबरतेस काय? आमच्या वेळी तर घरातच व्हायचं सगळं!' यानं भीती जात नाही, पोर बोलायची मात्र बंद होते. आधी तिला विचारा, 'बाई, तू नेमकं काय ऐकलंस?' तिला मोकळेपणानं सांगू द्या. मग त्या गोष्टीतला न सांगितलेला भाग शोधा. दवाखान्यात कधी नेलं? गाडी मिळाली का? आधी तपासण्या झाल्या होत्या का?

ऐकलेल्या गोष्टी खोट्या नसतात, पण काळ पालटला आहे. महाराष्ट्रात 2001-03 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. 2005-06 मध्ये राज्यात शंभरापैकी सुमारे 65 बाळंतपणं दवाखान्यात होत, 2019-21 मध्ये सुमारे 95. हे लेकीला जरूर सांगा. पण धोका संपला, असं खोटं सांगू नका. सुरगाणा, पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवरून भर पावसात दवाखाना गाठणं सोपं नसतं. म्हणून नुसता धीर पुरत नाही, तयारी लागते. तयारी डोळ्यांना दिसली, की भीती निम्मी होते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. 2016 पासून ही सोय आहे. लेकीला घेऊन जा आणि मनातली भीती तिलाच डॉक्टरांपुढे बोलू द्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल, तर उपचार लगेच सुरू करा. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका. 102 आणि 108 हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा, शिवाय गावातली एक गाडी बोलून ठेवा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

आणखी एक गोष्ट. कळा सुरू असताना जवळच्या बाईला सोबत थांबू द्यावं, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच ठरवलं आहे. 17 देशांतल्या पंधरा हजारांवर बायांच्या अभ्यासात दिसलं, की सतत सोबत असली तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी लागतं. दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. 'मी तुझ्याजवळ असेन', हे आईचं वाक्य मग नुसतं समाधान राहत नाही. झोप उडाली, रडू आवरेना, तर आशाताईंना सांगा किंवा 14416 या मोफत नंबरावर बोला.

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही लक्ष घालावं. पुढच्या दोन महिन्यांत गावात कोण बाळंत होणार, याची यादी आशाताईंकडून घ्या. रात्रीची गाडी कुणाची, ओढ्याला पूर आला तर वाट कोणती, हे आधीच ठरवा.

आणि ओटी भरायला येणाऱ्या बायांनो, ज्यांचं सुखरूप झालं त्यांनीही आपली गोष्ट सांगावी. गावात अशाच जास्त आहेत, पण सुखरूप झालेलं कुणी सांगत बसत नाही.