बेसबॉलचा टोला : काही मूलतत्त्वे

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. त्याच्या पायाखालील पट्टी आणि फलंदाजापुढील होम प्लेट यांत १८.४४ मीटर अंतर असते. फेकताना पिचर पुढे पाऊल टाकतो, त्यामुळे चेंडूला सुमारे १७ मीटरच कापावे लागतात. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढे अंतर सुमारे ०.४ सेकंदात ओलांडतो. त्यांतील जवळजवळ ०.१५ सेकंद बॅट फिरविण्यातच जातो. चेंडू पारखून तो मारावा की सोडावा, हे ठरविण्यास उरतो केवळ पाव सेकंद. हौशी खेळाडूपुढे येणारा चेंडू बराच मंद असतो. तथापि त्याची खरी अडचण हीच असते. म्हणून टोल्याचे तंत्र म्हणजे मुख्यतः वेळ वाचविण्याचे तंत्र होय.

उभे राहताना पावलांत खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अंतर असावे, गुडघे थोडे वाकलेले असावेत आणि दोन्ही डोळे पिचरकडे असावेत. बॅट तळव्यात आवळू नये, बोटांत धरावी. ताठरलेले स्नायू चपळपणे हलत नाहीत.

नवशिका केवळ हातांच्या बळावर टोला मारू पाहतो. वस्तुतः टोल्याचा उगम पायांत असतो. प्रथम पुढचे पाऊल रोवले जाते, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे आणि शेवटी हात. आसुडाच्या मुठीची गती जशी टोकापर्यंत वाढत जाते, तशीच ही गती बॅटीपर्यंत पोहोचते. आरंभी कोपरे शरीरालगत ठेवावीत. वस्तुमान अक्षाच्या जितके निकट, तितके ते फिरविणे सुलभ असते. याच कारणास्तव अतिजड बॅट टाळावी.

पिचर उंचवट्यावरून फेकतो आणि गुरुत्वाकर्षणही कार्य करीत असते. त्यामुळे चेंडू किंचित उतरत येतो. बॅट तितकीच चढत्या रेषेत फिरली, तर ती चेंडूच्या मार्गावर अधिक काळ राहते आणि वेळेतील अल्प चूक निभावते. टेड विल्यम्स या अमेरिकन फलंदाजाने आपल्या पुस्तकात याच पद्धतीचा पुरस्कार केला.

सरावाचा आरंभ खुंटीवर ठेवलेल्या स्थिर चेंडूपासून करावा. हालचालींचा क्रम अंगवळणी पडल्यावरच फेकलेल्या चेंडूकडे वळावे. अपयशाने मात्र खचू नये. १९४१ मध्ये विल्यम्सची सरासरी .४०६ होती, म्हणजे त्या विख्यात वर्षीही त्याचे दहांपैकी सुमारे सहा प्रयत्न व्यर्थच गेले होते.