जालना जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षण

जालना जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षण जिल्हा परिषद प्रशाला, खासगी अनुदानित विद्यालये व स्वयंअर्थसहाय्यित शाळांमधून दिले जाते. इयत्ता दहावीची परीक्षा राज्य शिक्षण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळामार्फत होते. बीड, परभणी व हिंगोली हे जिल्हेही याच विभागात येतात.

पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून व सरकारी शाळांतून मिळे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर अशा शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यामुळे मराठवाड्यात जिल्हा परिषदा प्राथमिक शाळांबरोबर माध्यमिक प्रशालाही चालवतात. उर्वरित महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी संस्थांच्या आहेत. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यात आठ तालुके आहेत.

लोकसंख्या व साक्षरता

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९.६ लाख असून त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. साक्षरता सुमारे ७१.५ टक्के होती. राज्याची सरासरी ८२ टक्क्यांहून अधिक होती. पुरुष व स्त्रिया यांच्या साक्षरतेत सुमारे २० टक्के अंकांचे अंतर होते.

अंबड, मंठा, परतूर आदी तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. जालना एमआयडीसीत स्थलांतराची दिशा उलट आहे. तेथील लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश आदी राज्यांतील कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची मुले येथे शिकतात, त्यांच्यापुढे शाळा बदलण्याबरोबर माध्यमभाषा बदलण्याचाही प्रश्न असतो.

निकालाचे स्वरूप

दहावीच्या निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते. आठवी ते दहावीदरम्यान शाळा सोडलेली मुले तिच्यात मोजली जात नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण १४ वर्षांपर्यंतच असल्याने गळतीचा धोका याच टप्प्यावर वाढतो. मुलींच्या बाबतीत बालविवाह हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

मूल्यमापनाची पद्धत बदलल्यानेही निकाल बदलतो. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केल्यावर २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर २०२० मध्ये ९५.३० टक्के झाला. कोविडमुळे २०२१ मध्ये लेखी परीक्षा रद्द होऊन निकाल ९९.९५ टक्के लागला. त्यामुळे केवळ उत्तीर्णतेच्या टक्केवारीवरून जिल्ह्याची किंवा एखाद्या शाळेची स्थिती ठरवता येत नाही. पटसंख्या, गळती व परीक्षेस बसलेल्यांची संख्या एकत्र पाहावी लागते.

उपाययोजना

स्थलांतरित कुटुंबांची मुले गावीच राहून शिकावीत यासाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात आणि गाव ते शाळा अशी एस.टी. बससेवा पुरवली जाते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीची परीक्षा देता येते.